सूर्यास्तापूर्वीचे जेवण

ऑगस्ट 2019 च्या महापुरात माझे आईवडील नऊ दिवस सांगलीत माझ्या घरी राहिले. त्याआधीच्या नऊ वर्षांत त्यांनी माझ्या घरचे पाणीसुद्धा घेतले नव्हते. घरचा धर्म पाळायचे सोडल्यावर घरच्यांशी नाते कसे राहते, असे अलीकडे माझ्यासारख्या दोघीतिघींनी मला विचारले, आणि प्रत्येक वेळी त्या नऊ दिवसांबद्दलच सांगावेसे वाटले. पण आधीचे सांगितल्याशिवाय ते दिवस कळायचे नाहीत, म्हणून सगळेच लिहिते आहे.

आमचे गाव कृष्णेच्या काठावर, सांगलीहून तासाभराच्या अंतरावर आहे. घर दिगंबर जैन शेतकऱ्याचे. ऊस, हळद आणि गोठ्यातल्या चार म्हशी एवढा पसारा. जैन म्हटले की ज्यांच्या डोळ्यांपुढे पेढीवर बसलेला व्यापारी येतो, त्यांना आमच्याकडचे जैन नांगरट करतात, पाण्याच्या पाळीला मध्यरात्री उठून शेतावर जातात, हे मुद्दाम सांगावे लागते. आमच्या सोप्यात दोन तसबिरी होत्या. एक आचार्य शांतिसागर महाराजांची, ज्यांनी 1955 साली कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडत जाऊन मरण स्वीकारायचे व्रत, घेऊन 36 व्या दिवशी देह ठेवला; दुसरी कर्मवीर भाऊराव पाटलांची. अण्णा रोज सकाळी बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, येऊन आधी पहिल्या तसबिरीला आणि मग दुसऱ्या तसबिरीला हात जोडत. आम्हा भावंडांना शाळा आणि धर्म या दोन्ही गोष्टी त्या एकाच भिंतीवरून मिळाल्या.

घर चाले ते नियमांवर. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचे. अण्णांनी तरुणपणीच मुनिमहाराजांकडून नियम घेतला होता, त्यामुळे सूर्यास्तानंतर ते पाण्याचा घोटही घेत नसत. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा घरात येत नसे. भुईमुगाची शेंग जमिनीखाली धरते, पण ती चालते. हळद वाळलेली चालते, ओली चालत नाही. असे बारकावे आम्हाला पाढ्यांइतके पाठ होते. दळून आणलेले पीठ पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 दिवस आणि हिवाळ्यात 7 दिवस चाले. विहिरीचे पाणी दुहेरी कापडातून गाळायचे, गाळलेले पाणी 48 मिनिटांच्या आत वापरायचे, त्यानंतर लागले तर पुन्हा गाळायचे. आणि गाळण्याच्या कापडावर जे जीव अडकले असतील, ते वरून गाळलेले पाणी ओतून ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे. कापडाचे एक टोक आई धरी, दुसरे मी. कापड मधोमध झोळीसारखे खाली येई आणि त्यातून पाणी घागरीत पडताना जो बारीक, सारखा आवाज येई, तो माझ्या लहानपणाचा आवाज आहे.

हे सगळे मी जाच म्हणून सांगत नाही. आमच्या घरात कोणी कोणावर हात उगारला नाही. दुधात मुंगी पडली तर अण्णा कागदाच्या टोकाने तिला वर काढत आणि ती चालू लागेपर्यंत तिथेच बसून राहत. पर्युषणाचे दहा दिवस संपले की क्षमावाणीच्या दिवशी मोठी माणसे लहानांसमोर हात जोडून म्हणत, मनाने, वाणीने, देहाने काही चुकले असेल तर क्षमा कर. आठ वर्षांच्या मुलीची तिच्या वडिलांनी हात जोडून क्षमा मागावी, हे मी माझ्या वर्गातल्या दुसऱ्या कोणत्याही मुलीच्या घरी पाहिले नाही. पंचकल्याणक पूजेला गावात हत्ती येई, सगळा पंचक्रोशीतला समाज जमे, आणि आपण कोणाचे तरी आहोत ही भावना अंगावर घातलेल्या कपड्याइतकी सहज असे.

पण त्याच कपड्याला भीतीचे अस्तर होते. रात्री जेवणारा पुढच्या जन्मी घुबड होतो, मांजर होतो, असे पाठशाळेत सांगत, आणि आमच्या परसातल्या चिंचेवर घुबड ओरडले की हा पूर्वी कोण असेल, या विचाराने मी पांघरूण डोक्यावर घेत असे. मी सहावीत असताना शाळेच्या सहलीची गाडी वाटेत बंद पडली आणि रात्री नऊ वाजता आम्हाला एका धाब्यावर पुरीभाजी मिळाली. भाजी बटाट्याची होती. पोटात कावळे ओरडत होते, मी खाल्ली, आणि घरी आल्यावर रडत रडत सांगितले. अण्णा मला रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः उपवास केला. दिवसभर ते उसाला पाणी पाजत होते, आणि मी शाळेतून येऊन बांधावर बसून त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी दोन फटके दिले असते तर मी ते विसरून गेले असते. माझ्या चुकीचे प्रायश्चित्त दुसरे कोणी घेणार, हे त्या दिवशी माझ्या मनात इतके खोल रुजले की त्यानंतर घरी खरे सांगणे मी बंद केले.

बारावीनंतर, 2001 साली मी सांगलीत वसतिगृहावर राहायला आले. पहिले उल्लंघन अगदी साधे होते: वसतिगृहाच्या गच्चीवर, रात्री दहा वाजता, लसूण घातलेले भडंग. सांगली भागात राहून भडंग न खाल्लेली मी एकटीच असेन. खाल्ले, आणि काहीही झाले नाही, आणि काहीही न होण्याचीच मला जास्त भीती वाटली. त्या वर्षापासून रोज संध्याकाळी आईचा फोन येई. "दिवस असताना जेवलीस न्हवं?" मी हो म्हणे. नऊ वर्षे मी हो म्हणाले. आईला कळत होते, असे आता वाटते. कारण काय जेवलीस, असे तिने एकदाही विचारले नाही.

श्रद्धा एका दिवसात गेली नाही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आमच्या विहिरीचे पाणी दोन बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत नेले. एक बाटली न गाळलेली, एक आईने गाळलेली. न गाळलेल्या पाण्याच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली शेपटी हलवत पळणारे मोठे जीव दिसले, ते गाळलेल्या थेंबात नव्हते. मला केवढा आनंद झाला! आजी म्हणे ते खरे होते, पाण्यात जीव होते आणि आपले कापड त्यांना वाचवत होते. मग भिंग बदलून पाहिले तेव्हा गाळलेला थेंबही जिवाणूंनी गजबजलेला होता. कोणतेही कापड त्यांना अडवू शकत नव्हते, आणि आम्ही रोज ते पीत होतो. अण्णांना सांगितले तर ते म्हणाले, "जेवढं आपल्या हातात आहे तेवढं करायचं." ते उत्तर मला तेव्हा पळवाट वाटले. आज तसे वाटत नाही, तरी मी परत फिरले नाही. नरक, पुढचे जन्म, आत्म्याला चिकटणारे कर्माचे कण, यांतले एकेक मी मनात उघडून पाहिले आणि मला ते खरे वाटेनासे झाले.

2010 साली मी माझ्या पसंतीने लग्न केले. नवरा मराठा कुटुंबातला, त्यांच्या घरी रविवारी मटण शिजते. मी मांस खात नाही, ते मला कधीच जमले नाही. पण कांदाबटाटा खाते, रात्री जेवते आणि बस्तीत जात नाही, हे लग्नाच्या बोलणीच्या निमित्ताने मी घरी पहिल्यांदा उघड सांगितले. मी कर्मवीरांच्या तसबिरीकडे बोट दाखवून वाद घातला. कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले, आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले, हे अण्णांनीच मला लहानपणी अभिमानाने सांगितले होते. अण्णा शांतपणे म्हणाले, "भाऊरावांनी आंघोळ नाकारली. णमोकार मंत्र नाही नाकारला." ते लग्नाला आले, अक्षता टाकल्या, आणि जेवण न करता दिवसाउजेडी परत गेले. त्यानंतर वर्षातून एकदोनदा ते दोघे माझ्याकडे यायचे तेव्हा आईच्या पिशवीत घरून आणलेल्या पाण्याची बाटली असे. मी पुढे केलेला तांब्या ते बाजूला सरकवायचे नाहीत, फक्त त्याला हात लावायचे नाहीत. तांब्या तसाच भरलेला राही आणि ते गेल्यावर मी ते पाणी कुंडीत ओतत असे.

यापेक्षा वाईट काळ 2015 चा होता, आणि त्याबद्दल लिहिणे मला आजही जड जाते. आजी 87 वर्षांची होती. त्या श्रावणात तिने मुनिमहाराजांच्या समक्ष सल्लेखनेचे व्रत घेतले आणि एकेक पदार्थ सोडत गेली. त्याच सुमारास, 10 ऑगस्टला, राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा, म्हणजेच सल्लेखना, ही आत्महत्या ठरवणारा निकाल दिला होता. देशभर जैन समाजाचे मूक मोर्चे निघाले, दादाही गेला. मी दादाला फोन करून म्हणाले की हे थांबवले नाही तर मी तक्रार करीन. तो काही न बोलता ऐकत राहिला आणि मग त्याने फोन ठेवला. 31 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मी तक्रार केली नाही. पण मी ते म्हणाले होते, आणि दादाच्या लेखी म्हणणे आणि करणे यांत अंतर नव्हते.

अण्णांनी मला आजीजवळ तासभर बसू दिले. अट एकच, तिच्याशी वाद घालायचा नाही. ती सोप्यात चटईवर पडली होती, कानाशी कोणीतरी मंद आवाजात मंत्र म्हणत होते. तिचा हात सुकलेल्या पानासारखा हलका झाला होता. मी वाद घातला नाही, नुसते विचारले की आजी, भूक लागत नाही का. ती म्हणाली, "बाळ, मी रुसून जेवण सोडलं न्हाई. माझं पोट भरलंय." चार दिवसांनी ती गेली. तिच्या चेहऱ्यावर त्रास नव्हता, हे मी स्वतः पाहिले आहे. तरीही ज्या वयाच्या माणसाला आपण एक घास जास्त भरवतो, त्या माणसाला घरच्यांनी घास विचारू नये, हे मला पटलेले नाही. अण्णांना वाटते की त्यांच्या आईला मिळालेला मृत्यू त्यांनाही मिळावा. या एका गोष्टीवर आमचे जुळलेले नाही.

मग पूर आला. 2005 च्या पुरात आमच्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागून परत गेले होते, म्हणून या वेळी कोणी लवकर हलले नाही. 5 ऑगस्टच्या संध्याकाळी पाणी गोठ्यात शिरले तेव्हा दादा जनावरे घेऊन उंचावरच्या वस्तीवर गेला, आणि अण्णा व आई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मुख्य रस्त्यापर्यंत आणि तिथून मिळेल त्या वाहनाने माझ्या दारात आले. पुढच्या दिवसांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले; तिथे धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. अर्धे शहर पाण्यात होते. आमच्या विश्रामबागेतल्या इमारतीपर्यंत पाणी आले नाही, पण वीज नव्हती, नळ बंद होते, दूध मिळत नव्हते, आणि पिण्याचे पाणी टँकरने येत होते.

आईने स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारले, "नवी भांडी हायती का?" भांडी होती, आहेरात आलेला, खोक्यातून कधी बाहेर न काढलेला स्टीलचा संच होता. कांदेबटाट्यांची टोपली नवऱ्याने काही न बोलता गाडीच्या डिकीत नेऊन ठेवली. अण्णांनी पिशवीतून गाळण्याचे कापड काढले. घर बुडत असताना त्यांनी जमिनीचे उतारे, आईचे दागिने आणि ते कापड एवढेच बरोबर घेतले होते. टँकरचे पाणी त्यांनी गाळले, मी ते उकळले, आणि उकळता उकळता मोठ्या उत्साहाने त्यांना सांगितले की बांगलादेशात घडी घातलेल्या साडीतून पाणी गाळायला शिकवले तेव्हा पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने कमी झाले, म्हणजे आपली पद्धत शास्त्रशुद्ध आहे. माझ्या परीने मी त्यांच्याकडे जायला पूल टाकत होते. अण्णा म्हणाले, "आपण आपल्या पोटासाठी गाळत नाही, बाळ. त्यांच्या जिवासाठी गाळतो." इतकी वर्षे मी त्यांच्या धर्माला माझ्या मापाने मोजत होते, आणि तो त्या मापात बसला तरच त्याला मान देत होते, हे मला तेव्हा उमगले.

गाळून झाल्यावर ते ओले कापड हातात घेऊन उभे राहिले. टँकरच्या पाण्यातले जीव कोणत्या विहिरीत परत सोडायचे? टँकर कुठे भरला ते कोणालाच माहीत नव्हते. मी म्हणाले, अण्णा, राहू द्या. त्यांनी ऐकले नाही. कापड तांब्यात झटकून घेऊन ते चपला घालून खाली उतरले, आणि मी छत्री घेऊन त्यांच्या मागे गेले. बरेच चालल्यावर रस्ता पुराच्या पाण्यात शिरलेला होता. त्यात एक बंद पडलेली रिक्षा अर्धी बुडून उभी होती आणि लोक काठावरून नुसते पाहत होते. अण्णा पाण्याच्या कडेला वाकले आणि त्यांनी तांब्या पाण्यालगत नेऊन हळूच कलता केला. "हेच पाणी आपल्या विहिरीत गेलंय," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्या पूर्ण पुरात तेवढाच एकदा कापला.

पहिले दोन दिवस मीही त्यांच्याबरोबर सहाच्या आत जेवले आणि रात्री भुकेने तळमळले. तिसऱ्या दिवशी पुन्हा ताट वाढून घेताना मला वसतिगृहातला तो फोन आठवला आणि हात थांबला. ही तीच लबाडी होती, नुसती त्यांच्या समोर बसून केलेली. मी आईला म्हणाले, तुम्ही जेवून घ्या, मी रात्री आमच्या वेळेला जेवेन. आई काही बोलली नाही. रात्री नऊ वाजता, मेणबत्तीच्या उजेडात, नवरा, सात वर्षांची मुलगी आणि मी खाली ताटे घेऊन बसलो. अण्णा त्याच खोलीत खुर्चीवर बसले होते. घास घशाखाली उतरेना. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या डोळ्यांदेखत रात्री जेवत होते. थोड्या वेळाने ते उठले; मला वाटले, आता आतल्या खोलीत जातील. त्यांनी कोनाड्यातली बॅटरी उचलली, ती लावून माझ्या ताटाशेजारी ठेवली, प्रकाश नीट भातावर पडेल अशी फिरवली, आणि म्हणाले, "पुराचं पाणी आहे, किडेमुंग्या फार झाल्यात. बघून जेव."

पुढचे सहाही दिवस त्यांनी ती बॅटरी रोज लावली. माझी मुलगी तिसऱ्या रात्री आजोबांना म्हणाली की तुम्ही पण जेवा, तर ते तिला म्हणाले की माझा नियम आहे, तुझा नाही. 'तुझा नाही' हे दोन शब्द मला हवे होते. ते मला उद्देशून म्हटलेले नव्हते, पण मी ते घेतले.

पूर ओसरल्यावर ते गेले. घराची मागची भिंत पडली होती, हळदीचे पीक कुजले होते, आणि तसबिरींपैकी कर्मवीरांची ओली होऊन फुगली होती. त्या वर्षीच्या क्षमावाणीला अण्णांचा फोन आला आणि नेहमीचे शब्द म्हणून झाल्यावर ते फोन न ठेवता तसेच थांबले. मीही हात जोडले. फोनवर ते दिसत नाही, तरी जोडले. मी आजीबद्दल क्षमा मागितली नाही, कारण मी म्हणाले ते मला चूक वाटत नाही; पण ज्या शब्दांत म्हणाले त्याबद्दल मागितली. आता ते सांगलीला आले की माझ्याकडचे पाणी घेतात. स्वतः गाळून घेतात, पण माझ्या माठातले घेतात. जेवत नाहीत. आई कधी कधी नव्या संचातल्या वाटीत दूध घेते. मी दिवाळीत गावी जाते, सहाच्या आत त्यांच्या पंक्तीला बसते, आणि रात्री भूक लागली तर तसे सांगते. आई म्हणते, "डब्यात शेंगदाणे हायती," आणि झोपायला जाते.

दादा बोलत नाही. मी गेले की तो शेताकडे निघून जातो. वहिनी मात्र दर पर्युषणात मला फोन करते, दहाही दिवस, संध्याकाळी बस्तीतून आल्यावर, आणि आज कोणता अध्याय वाचला, कोणी उपवास धरले, ते सविस्तर सांगते. गेल्या वर्षी ती बोलत असताना मागून कोणीतरी खाकरल्याचा आवाज आला. "कोण आहे गं?" मी विचारले. वहिनी म्हणाली, "कोन न्हाई, हेच बसल्यात इथं." मग तिने फोनचा आवाज मोठा केला, आणि सुरुवातीलाच सांगून झालेला त्या दिवसाचा अध्याय ती मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.